चौदा बंद पाकिटं

“खरी असशील तर आत्ता, सगळ्यांसमोर विचारून दाखव: ‘माझ्या बाबांनी माझ्या आत्याला मत दिलं होतं का?’”

कुंजल तितिरमारेने असं म्हणायचा अवकाश, शाहीनने पैजेसाठी हात पुढे केला. हरेल तिनं महिनाभर दुसरीच्या जीवशास्त्राच्या वहीतल्या आकृत्या काढायच्या. मागच्या वर्षीची ऋजुता कठाणे असती तर मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत बसली असती. पण वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आल्यापासून तिचा नूरच बदलला होता. वेणी गेली होती, केस खांद्यावर आले होते, आणि वर्गात मागच्या बाकावरून कुणी काही बोललं तर ती वळून उत्तर द्यायला लागली होती.

“भेते का मी?” म्हणत तिनं शाहीनच्या हातावर अशी टाळी दिली की ग्रंथालयातल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

एक गोष्ट मात्र तिनं मैत्रिणींना सांगितली नाही. हा प्रश्न तिला स्वतःलाच कित्येक दिवस विचारायचा होता. पैजेचं नुसतं निमित्त झालं.

डोहेगावच्या ग्रंथालयात मागोवा नावाचा संगणक येऊन अठरा दिवस झाले होते; त्याचे पडदे इतर जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांतही लागले होते. दिसायला अगदीच साधा, भिंतीवर एक पडदा, खाली बोलायची जाळी आणि शेजारी कपाटाएवढी पेटी. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, काहीतरी सरकारी प्रदर्शन असेल. पाचव्या दिवशी रांग चौकापर्यंत गेली.

कारण मागोवा सांगायचा, कुणी कुणाला मत दिलं होतं ते.

यात जादू काहीच नव्हती. मत गुप्त असतं, पण बेरीज गुप्त नसते. कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, त्याचा तक्ता जाहीर होतो. मतदारयादीही जाहीर असते. कुंजलला हे गणित कळत नव्हतं, तेव्हा ऋजुतानंच तिला तिच्या आईच्या दुकानावरून समजावलं होतं. “तुझ्या आईकडे शिंगाड्याच्या पाच टोपल्या आहेत. एकेक वजन करायला मनाई. पाचही एकदम काट्यावर ठेवल्या, वजन लिहिलं. उद्या त्यातली एक नाही आणि एक नवी आली. परवा दोन नाहीत. असं महिनाभर लिहीत गेलीस तर प्रत्येक टोपलीचं वजन काढता येईल की नाही?” येईल, हे कुंजलला पटलं. तसंच हे. एका केंद्रावर नऊशे माणसं. पाच वर्षांत त्यातली काही वारतात, काही सुना येतात, काही लेकी जातात, कुणी पुण्याला कामाला जाऊन मतदानाला येतच नाही. बेरीज दर वेळी थोडी हलते. डोहेगावच्या सोळा निवडणुका, अडीचशे केंद्रं, त्यात कुठल्या साली कुठला तलाव फुटला, कुठला रस्ता झाला, कोणत्या सभेला किती टाळ्या पडल्या, हे सगळं मागोव्यात घातलं होतं. माणसाला जे गणित करायला हजार वर्षं लागली असती, ते तो चहा होईपर्यंत करायचा. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं द्यायचा नाही. शंभरात अमुक, असं सांगायचा.

आता असं गणित चालू मतदारसंघाचं करायला कायद्यानं बंदी होती. पण डोहेगाव विधानसभा मतदारसंघ बारा वर्षांपूर्वी फेररचनेत मेला होता. नदीच्या पूर्वेचं पूर्वेकडे गेलं, पश्चिमेचं पश्चिमेकडे, आणि नाव पुसलं गेलं. जो मतदारसंघच नाही त्याची गुप्तता कसली, असा निकाल कुणीतरी कोर्टातून आणला. झालं. अठरा दिवसांत गावाची पार उलथापालथ झाली. येळेकरांच्या घरी तीन पिढ्या आमदारकी होती. त्यांच्या वाढप्यानं तीस वर्षं विरोधकांनाच मत दिलं होतं, हे निघालं. तो म्हणाला, “जेवण तं चांगलं वाढलं ना मी?” अख्ख्या तालुक्याकडून पाया पडून घेणारे एक बुवा निघाले, त्यांना त्यांच्या बायकोचंही मत मिळालं नव्हतं. दोन भावांनी बांधावर भिंत घातली. आणि एका म्हातारीला कळलं, की तिचा गेलेला नवरा जन्मभर तिच्याच पसंतीच्या चिन्हावर मत देत होता, वरून मात्र तिच्याशी भांडत होता. ती मागोव्यासमोरच्या खुर्चीवरून तासभर उठली नाही.

ऋजुताच्या शाळेला तर प्रकल्पच होता, ‘आपला जुना मतदारसंघ’. तिनं पहिल्या निवडणुकीपासून सुरुवात केली होती. मालगुजारांचा नातू बिनविरोध येऊ नये म्हणून एका शिंप्यानं अर्ज भरला आणि एकशे बारा मतं घेतली, तिथपासून. एका वर्षी मतपेट्या नावेतून आल्या होत्या. एका वर्षी उमेदवारच उन्हानं गेला आणि निवडणूक दोन महिने लांबली. हे सगळं तिनं हौसेनं लिहिलं. सोळाव्या, शेवटच्या निवडणुकीपाशी आली आणि हात थांबला.

त्या निवडणुकीत तिची आत्या उभी होती. पौर्णिमा कठाणे, अपक्ष, चिन्ह शिलाई मशीन. पडली सात मतांनी.

आत्याबद्दल ऋजुताला आठवत होतं ते फार थोडं. आपण तिच्या कडेवर होतो आणि तिचा घसा बसलेला होता, एवढंच. बाकी सगळं मागोव्यानं दिलं. भेजगावचा बाजार, तिथल्या सभेचं ध्वनिमुद्रण. आत्या बोलते आहे, “पाच-पाच वर्षं ज्यांनी फाडलं, त्यांनाच पुन्हा कापड द्याल का?” टाळ्या. मग एक बारीक आवाज येतो, “आत्या, पाणी.” आणि आत्या भाषण थांबवते. “थांबा जी दोन मिनिटं. माझ्या भाचीला तहान लागली. सरकार नंतर पाडू.” अख्खा बाजार हसतो.

हे ऋजुतानं अकरा वेळा ऐकलं होतं. बाराव्यांदा ऐकताना तिच्या लक्षात आलं, की त्या दोन मिनिटांत आत्या काहीतरी गुणगुणते आहे, ध्वनिक्षेपकापासून तोंड बाजूला करून, फक्त तिच्यासाठी. शब्द लागत नव्हते. ते शब्द कुठले, हे विचारायचं तर आत्यालाच विचारायला हवं होतं. आणि आत्या राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, धडगावला, बायकांच्या आमचुराच्या संस्थेत काम करत होती. निकालानंतर पाचव्या महिन्यात गेली ती गेली. बाबांशी बोलणं बंद. दर उन्हाळ्यात एक डबा यायचा, वर लिहिलेलं, ‘ऋजूसाठी’. घरात त्यावर कुणी काही बोलायचं नाही. आई डबा फळीवर ठेवायची आणि बाबा उठून बाहेर जायचे.

भांडण काय, ते सगळ्या गावाला माहीत होतं. सख्ख्या भावानं बहिणीला मत दिलं नाही.

“विचार ना,” शाहीननं कोपरखळी मारली. “का पैज हरली?”

ऋजुता खुर्चीवर बसली. जाळीपाशी वाकून, वक्तृत्वाच्या आवाजात तिनं नाव, केंद्र, निवडणूक सांगितली. प्रश्न विचारला. मागची रांग पुढे सरकली.

पडद्यावर अक्षरं आली आणि मागोव्याचा सपाट आवाज.

“हेमराज कठाणे. केंद्र सत्तेचाळीस. त्या निवडणुकीत या मतदाराचं मत कोणत्याही बेरजेत नाही.”

“मंजे?” कुंजल म्हणाली.

“मंजे दिलंच नाही,” रांगेतून कुणीतरी बोललं. “गुरुजींनी मतदानच नाही केलं! आन् आम्हाले काठीनं हाकलत होते केंद्रावर!”

लोक हसले. ऋजुताचे कान तापले. तिचे बाबा म्हणजे हेमराज गुरुजी, जिल्ह्यात मतदान कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारे. यंत्राचं सील कसं लावायचं, बोटाला शाई कुठपर्यंत, हे त्यांनी हजारो माणसांना शिकवलेलं. लग्नाच्या वरातीतून नवरदेवाला उतरवून मतदानाला नेणारा माणूस. आणि सख्ख्या बहिणीच्या वेळी घरी बसला?

तेवढ्यात पडद्याच्या तळाशी एक बारीक ओळ उमटली. मैत्रिणींनी ती पाहिली नाही. ऋजुतानं पाहिली.

‘हा प्रश्न यापूर्वी एकदा विचारला गेला आहे. नऊ दिवसांपूर्वी. जिल्हा नंदुरबार.’

धडगाव नंदुरबार जिल्ह्यात.

“चल गं, जिंकली तू,” शाहीन म्हणाली. “रडतेस काहून?”

“रडत नाही. केस गेला डोळ्यात.”

दुसऱ्या दिवशी शाळेला बुट्टी मारून ती ग्रंथालय उघडायच्या आधी पायरीवर बसली. रात्रभर तिला आत्या दिसत होती. तिकडं अशाच कुठल्या पडद्यासमोर, तेरा वर्षं पोटात धरलेला प्रश्न शेवटी धीर करून विचारणारी. आणि हे असलं उत्तर घेऊन परत जाणारी. मत दुसऱ्याला दिलं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं. दिलंच नाही म्हटल्यावर माणसानं काय करायचं?

पण वक्तृत्वाच्या सरांनी तिला एक सवय लावली होती. वाक्य पूर्ण ऐकल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. ‘मत दिलं नाही’ असं मागोवा म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता, ‘कोणत्याही बेरजेत नाही’.

“हेमराज कठाणे मतदानाला गेले नव्हते का?” तिनं विचारलं.

“केंद्रावर गेले नव्हते. निवडणुकीच्या कामावर होते. त्यांना टपाली मतपत्रिका देण्यात आली होती. प्रशिक्षणाच्या ठिकाणी, त्यांच्या शाळेतल्या तेरा जणांबरोबर, एकाच टेबलावर.”

“मग ती कुठं गेली?”

“त्या निवडणुकीत चौदा टपाली मतं नाकारण्यात आली. कारण एकच. घोषणापत्र सापडलं नाही. फरक सातचा असल्यामुळे ती पुन्हा तपासण्यात आली. पुन्हा नाकारण्यात आली.”

तिनं नियम वाचायला मागितले. नियम सोपा होता, इतका सोपा की तिनं तो दोनदा वाचला. पाकिटं दोन असतात. लहान पाकिटात मतपत्रिका घालून ते चिकटवायचं. मोठ्या पाकिटात ते लहान पाकीट आणि त्याच्या बाहेर, मोकळं, सही केलेलं घोषणापत्र. मोजणीच्या टेबलावर मोठं पाकीट उघडतात, आधी घोषणापत्र बघतात. ते नसेल तर लहान पाकीट उघडायचंच नाही. चौदाही मोठ्या पाकिटांत घोषणापत्र नव्हतं. ते लहान पाकिटांत होतं का, हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. ठरलेल्या मुदतीनंतर सगळे कागद नष्ट केले जातात, तसे तेही झाले.

“त्यांत काय असेल?” तिचा आवाज वक्तृत्वाचा राहिला नव्हता.

“अंदाज. चौदापैकी अकरा पौर्णिमा कठाणे यांना, तीन निवडून आलेल्या उमेदवाराला. मोजली गेली असती तर पौर्णिमा कठाणे एका मतानं विजयी.”

एका मतानं.

“आणि बाबांचं? त्या अकरांत की तिनांत?”

“पौर्णिमा कठाणे, शंभरात अठ्ठ्याऐंशी.”

“पूर्ण शंभर नाही?”

“जे उघडलंच नाही, ते शंभर कधीच होणार नाही.”

रविवारी सकाळी आई अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती आणि बाबा ओट्यावर वह्या तपासत होते. ऋजुतानं बराच विचार करून सुरुवात ठरवली होती, पण तोंडातून भलतंच निघालं.

“बाबा, घोषणापत्र कुठल्या पाकिटात घालायचं असतं?”

बाबांच्या हातातलं लाल पेन वहीवरच थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“मोठ्या,” ते म्हणाले. पेनाला टोपण लावत म्हणाले, “ग्रंथालयातल्या त्या डब्यानं सांगितलं?”

“तुम्ही सांगा.”

आईनं मान वर केली. “काय झालं?”

बाबांनी चष्मा काढला. “आमच्या शाळेत परीक्षेचा गठ्ठा बांधताना हजेरीचा कागद आत घालून सील करतो आम्ही. सही केलेला कागद मोकळा ठेवायचा नाही, हरवतो. वीस वर्षांची सवय. त्या दिवशी मी मशीनचं प्रशिक्षण देऊन दमलो होतो. पाकिटांवरच्या सूचना वाचल्या नाहीत. म्हटलं, एवढं काय वाचायचं, मी शिकवणारा माणूस. सगळ्यांना म्हणालो, घोषणापत्र आतच घाला आणि चिकटवा, म्हणजे सुरक्षित. तेराही जणांनी माझ्याकडे बघून घातलं. खापर्डे बाई म्हणाल्यासुद्धा, सर, एकदा वाचून बघू का? मी त्यांना हसलो.”

“आणि आत्या?”

“मोजणीवरून आली. अंगभर धूळ. म्हणाली, दादा, चौदा पाकिटं नाकारली, कोण असतील रे ते चौदा शहाणे? मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू तरी मला मत दिलंस ना?” बाबांनी चष्म्याची काडी मिटली. “हो म्हणू तर मत पोचलंच नव्हतं. नाही म्हणू तर तेही खोटं. आणि सगळं सांगू तर... तुला मीच पाडलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी माठाकडे बघत राहिलो. तिनं वाट पाहिली. मग चप्पल घातली.”

आईच्या मांडीवरची भाजी खाली सांडली. “म्हणजे तुम्ही दुसऱ्याले मत नव्हतं दिलं?”

“नाही.”

“तेरा वर्षं!” आई उभीच राहिली. “तेरा वर्षं मी समजून राहिली का तुमचा काही तत्त्वाचा प्रश्न असंल! ती पोरगी जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, मी तिले म्हणली, जाऊ दे, तुझ्या भावाचं मन मोठं नाही. आन् तुम्ही? एका पाकिटासाठी बहीण घालवली?”

“एका नाही. चौदा.”

“आत्याला सांगा,” ऋजुता म्हणाली. “आत्ता फोन लावा.”

“नको.” बाबांचा आवाज एकदम वर्गातला झाला. “ऐक. आज तिला वाटतं भाऊ वाईट होता. माणूस भावाला सोडून जगू शकतो, ती जगली. उद्या तिला कळेल की ती जिंकली होती, आणि घरच्याच माणसाच्या गाढवपणानं हरली. मतदारसंघसुद्धा उरला नाही की पुन्हा उभी राहील. हे घेऊन ती कशी जगेल? त्यापेक्षा मी वाईट बरा.”

ऋजुता सांडलेली भाजी वेचायला लागली.  बाबा लबाडी करत नव्हते. खरंच त्यांना असं वाटत होतं. आणि ते अगदीच चूक आहेत, असंही तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. सात मतांनी हरणं एक, आणि एका मतानं जिंकून घरी जाणं एक. यातलं काय घेऊन आत्याला झोप लागेल?

सोमवार गेला. मंगळवारी ती पुन्हा ग्रंथालयात गेली आणि भेजगावची सभा लावली. “सरकार नंतर पाडू,” आत्या म्हणाली, लोक हसले, मग ते गुणगुणणं. या वेळी ऋजुतानं शब्दांचा माग घेतला नाही. ती नुसतं मोजत बसली, भाषण किती वेळ थांबलं ते. खरंच दोन मिनिटं थांबलं होतं. प्रचाराचा शेवटचा दिवस, एकेक मत मोलाचं, हजार माणसं उन्हात उभी, आणि एका तीन वर्षांच्या पोरीचं पाणी पिऊन होईपर्यंत ही बाई थांबते. त्या दोन मिनिटांत किती लोक निघून गेले असतील? सात? आत्यानं कधी त्याचा हिशेब केला असेल का?

नसेल केला. आणि केला असेल तरी तिनं दर उन्हाळ्यात डबा पाठवलाच ना.

आणि आत्यानं ऋजुताच्याही नऊ दिवस आधी विचारलं होतं. ज्याला जाणून घ्यायचं नसतं तो रांगेत उभा राहतो का? तिला कळून घ्यायचंच होतं. फक्त तिला पहिलंच वाक्य मिळालं, आणि पुढचा प्रश्न विचारायला तिच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं.

ऋजुता तडक बसस्थानकावर गेली.

बुधवारी सकाळी बाबा गाडी पुसत होते, आई डबा भरत होती. ऋजुता शाळेच्या गणवेशात नव्हती. पाठीवर मोठी पिशवी होती.

“हे काय?” आईनं विचारलं.

“मी धडगावला चाललेय. साडेनऊची बस, नागपूरहून पुढची रात्रीची. तिकीट काढलंय, बक्षिसाच्या पैशातून. शाळेत अर्ज दिलाय, शाहीनच्या अब्बूंची बहीण नंदुरबारला उतरवून घेणार आहे, तिचा नंबर फ्रिजवर लावलाय.”

“ऋजू,” बाबा म्हणाले, “मी नको म्हटलं होतं.”

“हो. मी ऐकलं. दोन दिवस विचार पण केला.” तिनं पिशवीचा पट्टा खांद्यावर वर ओढला. “तुम्ही म्हणता आत्याला सोसणार नाही. ते तुम्ही तिच्या वतीनं ठरवलंत, बाबा. तिला विचारलं नाहीत. मी तिला चौदा पाकिटांचं सगळं सांगणार आहे. एका मताचं सुद्धा.”

बाबांनी हातातलं फडकं गाडीवर ठेवलं.  आईनं डब्यात अजून दोन पोळ्या घातल्या.

“पण तुम्ही मत कुणाला दिलंत, ते मी सांगणार नाही,” ऋजुता म्हणाली. “तिनं कितीही विचारलं तरी नाही. ते तुमचं आहे, ते तुम्हीच तिच्यासमोर येऊन सांगायचं. आणि तुम्ही येईपर्यंत मी तिथून हलणार नाहीये.”